चिमटा जमिनीवर पडला तेव्हा

शिरूर किंवा दौंडच्या बाजारपेठेतील एखाद्या कुटुंबात शस्त्रक्रियेचा प्रसंग उद्भवला, की सारे घर चौकशीस लागते. रुग्णास पुण्यास न्यावे की अहिल्यानगरला, शल्यविशारद कोण, त्यांचा अनुभव किती, खर्च किती येईल, विम्यातून किती मिळेल, या सर्व बाबींची विचारपूस आडतीच्या गाळ्यापासून स्थानकाच्या ओट्यापर्यंत होते. पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केलेल्या मंडळींना पारख कशी करावी, हे शिकवावे लागत नाही. मात्र या साऱ्या चौकशीत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. शस्त्रक्रियेनंतर जखमेवरची पट्टी कोण बदलणार, आणि ती बदलण्यापूर्वी त्या व्यक्तीने हात धुतले आहेत की नाहीत, हे कोण पाहणार?

शस्त्रक्रिया दोन तासांची असते. परिचर्या दहा दिवसांची. शल्यविशारद रुग्णास दिवसातून एकदा-दोनदा पाहतात. सलाईन लावणे, इंजेक्शन देणे, पट्टी बदलणे, लघवीची पिशवी रिकामी करणे ही कामे मात्र परिचारिकेच्या हातून दिवसरात्र चालू असतात. यांपैकी प्रत्येक काम म्हणजे रुग्णाच्या शरीरात शिरण्याचे एक दार आहे. त्या दारातून औषध आत जाते, तसाच जंतूही जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांत दाखल झालेल्या दर शंभर रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सात, तर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत पंधरा रुग्णांना उपचारांच्या काळात किमान एक नवा जंतुसंसर्ग होतो. म्हणजे जो आजार घेऊन रुग्ण आला नव्हता, तो आजार त्याला रुग्णालयातच जडतो. व्यापारी भाषेत बोलायचे तर मूळ कर्ज फेडण्यास गेलेला माणूस नवे कर्ज डोक्यावर घेऊन परततो.

हे कसे घडते, हे समजून घेण्यासाठी सव्वाशे वर्षांपूर्वीची एक घटना फार उपयोगी पडते. तिचे एक टोक मुंबईच्या परळमध्ये आहे आणि दुसरे पंजाबातील एका खेड्यात.

बाटली क्रमांक ५३-एन

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच तो पुण्यास पोहोचला. याच साथीत रुग्णांची सेवा करीत असताना प्लेगचा संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे पुण्यात निधन झाले. त्या काळात वाल्डेमार हाफकिन हे जंतुशास्त्रज्ञ मुंबईत प्लेगवरील लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा स्थिरावली आणि तेथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. सुमारे आठवड्याने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. जबडा आवळला, शरीर धनुष्यासारखे ताणले गेले, आणि ते एकोणीसही जण दगावले. बाकीच्यांना काहीही झाले नाही. नोंदी तपासल्या तेव्हा आढळले, की त्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतील लस टोचलेली होती. त्या बाटलीचा क्रमांक होता ५३-एन.

मोठे वादळ उठले. मुंबईच्या मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. दोष परळच्या प्रयोगशाळेत असावा, असा त्याचा निष्कर्ष होता. हाफकिन यांनी लस बनविण्याच्या पद्धतीत एक बदल केला होता. पूर्वी जंतुनाशक म्हणून लसीत कार्बोलिक आम्ल घालीत. ते वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. आयोगाने नेमके त्यावर बोट ठेवले. हाफकिन यांना पद सोडावे लागले आणि ज्याने स्वतःवर लस टोचून घेतली होती, तो माणूस निष्काळजी ठरला.

परंतु साक्षीपुराव्यात एक बारीकशी नोंद होती. मुलकोवालमध्ये ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो उचलून त्याने कार्बोलिकच्या द्रावणात नुसता हलवून घेतला आणि त्याच चिमट्याने बाटलीचे बूच ओढून काढले. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत, विशेषतः जनावरांचा वावर असलेल्या मातीत, सर्वत्र असतात आणि ती अत्यंत चिवट असतात. द्रावणात क्षणभर बुडवून ती मरत नाहीत. पाणी उकळूनही ती मरतीलच, याची खात्री देता येत नाही.

जुलै १९०७ मध्ये मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस आणि त्यांचे काही सहकारी शास्त्रज्ञ यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. दूषितता परळमध्येच झाली असती, तर त्या अनेक आठवड्यांत बाटलीत जंतू वाढून तिला दुर्गंधी आली असती. उघडताना तशी दुर्गंधी कोणास जाणवली नव्हती. शिवाय बाटलीत विष तयार असते, तर लक्षणे आठवडाभर थांबली नसती. त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला आणि ते पुन्हा भारतात कामावर परतले. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले. आजची हाफकिन संस्था ती हीच.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की औषध कितीही उत्तम असो, कारखाना कितीही नामांकित असो, ते रुग्णाच्या शरीरात पोहोचविणारा शेवटचा हात स्वच्छ नसेल, तर आधीची सारी मेहनत वाया जाते. दुसरी अशी, की अपघात झाल्यावर चौकशी बहुधा वरच्या माणसाची होते. खालच्या पायरीवर पडलेल्या चिमट्याकडे लक्ष जाण्यास वर्षे लागतात. बाटलीगणिक नोंद नसती, तर हेही कधी उलगडले नसते.

‘स्वच्छ’ आणि ‘निर्जंतुक’

आपल्या घरांत ‘स्वच्छ’ हा शब्द फार जपला जातो. भांडे घासले, फडके धुतले, पाणी गाळले म्हणजे स्वच्छ झाले. परंतु शरीराच्या आत जाणाऱ्या किंवा उघड्या जखमेस लागणाऱ्या वस्तूस एवढी स्वच्छता पुरत नाही. ती वस्तू निर्जंतुक असावी लागते. धुतलेली वस्तू स्वच्छ असते, तिच्यावर जंतू कमी असतात. निर्जंतुक वस्तूवर जंतू नसतातच, त्यांची बीजेही नसतात.  ‘जवळजवळ निर्जंतुक’ अशी वस्तू नसते.

यासाठी रुग्णालयांत ऑटोक्लेव्ह वापरतात. त्यात वाफेचा दाब प्रति चौरस इंच १५ पौंड आणि तापमान १२१ अंश सेल्सिअस असते. कापडात गुंडाळलेल्या गाठोड्यांना साधारणतः तीस मिनिटे द्यावी लागतात. गाठोड्यावरील पट्टीचा रंग बदलला, म्हणजे त्यास उष्णता लागली एवढेच सिद्ध होते. आतील जंतू खरोखर मेले की नाही, हे पाहण्यासाठी चिवट जीवाणूबीजांची चाचणी ठराविक काळाने करावी लागते. ऑटोक्लेव्हमधून निघालेले गाठोडे ओले असेल, फाटले असेल किंवा त्याची मुदत संपली असेल, तर ते निर्जंतुक मानता येत नाही. उकळलेल्या पाण्यास कालमर्यादा असते, हे ज्या घरांत लहान मुलासही ठाऊक असते, तेथे ही मुदतीची कल्पना अवघड वाटू नये.

निर्जंतुक तंत्राचा मूळ नियम एका वाक्याचा आहे. निर्जंतुक वस्तूस केवळ निर्जंतुक वस्तूचाच स्पर्श व्हावा. हातमोजे घातलेल्या हाताने पलंगाचा कठडा धरला, की तो हात निर्जंतुक राहत नाही. मांडलेल्या साहित्याच्या तबकाकडे पाठ फिरविली किंवा ते कमरेच्या खाली गेले, तर ते संशयित ठरते. आणि संशय आला, की ती वस्तू दूषितच समजावी. संशयाचा फायदा जंतूस देऊ नये.

हातमोज्यांचा इतिहासही एका परिचारिकेशी जोडलेला आहे. १८८९ च्या सुमारास अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्या कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांस जंतुनाशक द्रावणामुळे त्वचारोग झाला. तेथील शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. ते आले परिचारिकेच्या हातांच्या रक्षणासाठी. पुढे लक्षात आले, की त्यांमुळे रुग्णाचेही रक्षण होते. आज मात्र काही ठिकाणी उलटे दिसते. हातमोजे घातले म्हणून हात धुणे टाळले जाते आणि तेच हातमोजे एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे फिरतात. असे हातमोजे घालणाऱ्याचे रक्षण करतात, रुग्णाचे नव्हे.

चूक कोठे होते?

वॉर्डातील चुका बहुधा लहान व रोजच्या असतात; म्हणूनच त्या डोळ्यांस खुपत नाहीत.

स्पिरिटच्या बोळ्यांचेच पाहा. बरणीत कापसाचे बोळे आधीच भिजवून ठेवण्याची आणि दिवसभर त्यात बोटे घालून एकेक काढण्याची पद्धत अनेक दवाखान्यांत आहे. बोटांवरील जंतू बरणीत जातात, स्पिरिट उडून गेलेले असते, आणि जो बोळा त्वचा शुद्ध करण्यासाठी वापरायचा तोच संसर्ग पसरवितो. असे आधी भिजवून ठेवलेले बोळे वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. स्पिरिट लावल्यावर ते वाळेपर्यंत थांबणेही आवश्यक असते. फुंकर मारून ते वाळविणे म्हणजे केलेले काम पुसून टाकणे होय.

अनेक मात्रांच्या औषधाच्या बाटलीतही धोका असतो. एकदा वापरलेली सुई किंवा सिरिंज पुन्हा त्या बाटलीत गेली, तर पुढचे सर्व रुग्ण त्या संसर्गाचे भागीदार होतात. सुई बदलली पण सिरिंज तीच ठेवली, तरी धोका जात नाही. २००९ मध्ये शेजारच्या गुजरातेत मोडासा परिसरात कावीळ ‘ब’ची साथ आली आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्याचे त्या तपासात उघड झाले. एक सुई, एक सिरिंज, एकच वेळ, हा नियम किती महाग पडू शकतो, याचे ते जवळचे उदाहरण आहे.

सलाईनसाठी हातात बसविलेली कॅन्युला हे उघडे दार असते. तिच्या तोंडातून औषध देण्यापूर्वी ते तोंड स्पिरिटने घासून पुसावे व वाळू द्यावे लागते. त्या जागी लाली, सूज वा ठणका दिसल्यास ती काढावी लागते. गरज संपली तरी ‘राहू द्या, लागेल कदाचित’ म्हणून ती ठेवली जाते. प्रत्येक जादा दिवस म्हणजे जादा धोका असतो.

लघवीच्या नळीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली असावी, परंतु जमिनीस टेकू नये. रुग्णास एका पलंगावरून दुसऱ्यावर हलविताना ती त्याच्या पोटावर ठेवली, तर पिशवीतील दूषित लघवी उलट आत जाऊ शकते. पिशवी रिकामी करताना एकच भांडे सर्व रुग्णांस फिरविले, तर एकाचा संसर्ग रांगेतील सर्वांना मिळतो.

पट्टी बदलण्याच्या कामातही क्रम महत्त्वाचा असतो. आधी स्वच्छ जखमा, शेवटी पू असलेल्या. जुनी पट्टी काढणारे हातमोजे वेगळे, नवी बांधणारे वेगळे. शिरूर, न्हावरे, पाटस, कुरकुंभ या भागांत ऊसतोडीच्या कोयत्याचे घाव, कारखान्यांतील इजा, मातीत माखलेल्या जखमा नेहमीच येतात. मातीने भरलेली जखम आणि कालच टाके घातलेले पोट एकाच तबकातील साहित्याने हाताळले गेले, तर मुलकोवालचा चिमटा पुन्हा पडला असेच म्हणावे लागेल.

आणखी एक अडचण तालुक्याच्या गावांना विशेष लागू पडते. शस्त्रक्रिया पुण्यात होते, पण चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्ण गाडीने शिरूरला किंवा रेल्वेने दौंडला परततो. पुढील पट्ट्या गल्लीतील दवाखान्यात किंवा घरी बदलल्या जातात. मोठ्या रुग्णालयाची शिस्त तेथेच संपते. परतताना मिळणाऱ्या कागदावर औषधांची यादी असते. पट्टी कोणत्या साहित्याने, किती दिवसांनी, कोणी बदलावी, हे विचारून लिहून घेतले नाही, तर कोणी सांगेलच असे नाही.

थांबविण्याचा अधिकार

या चुकांचे खापर परिचारिकांवर फोडणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. रात्रपाळीस एकटी परिचारिका पूर्ण वॉर्ड सांभाळीत असेल, हात धुण्याचे बेसिन दालनाच्या दुसऱ्या टोकास असेल, हातमोजे मोजून मिळत असतील आणि चूक दाखविल्यास बोलणी बसत असतील, तर पुस्तकातील नियम पुस्तकातच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले आहेत. रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, शरीरातील द्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णास स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या भोवतालच्या वस्तूंस हात लावल्यानंतर. हातावर चोळण्याच्या द्रावणाने यास २० ते ३० सेकंद लागतात. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. हात दिसण्याइतके मळलेले असतील, तर साबण-पाणीच हवे. प्रत्येक प्रसंगी बेसिनपर्यंत जाणे अशक्य असते; म्हणून द्रावणाची बाटली प्रत्येक पलंगाशी असावी लागते. म्हणजे प्रश्न जितका वृत्तीचा, तितकाच व्यवस्थेचा आहे.

हात धुण्याचा आग्रह धरणाऱ्याचे ऐकून न घेण्याची परंपरा जुनी आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नातील प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले. एप्रिलमध्ये शंभरातील अठरा माता दगावत होत्या. जूनमध्ये ते प्रमाण दोनाच्या आसपास आले. तरीही सहकाऱ्यांना ‘आमचे हात अस्वच्छ’ हे म्हणणे अपमानास्पद वाटले आणि सेमेलवाइस उपेक्षित राहिले.

याच्या उलट उदाहरण अलीकडचे आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या पुढाकाराने मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाच गोष्टींची यादी लागू झाली. हात धुणे, रुग्णास निर्जंतुक कापडाने पूर्ण झाकणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा शुद्ध करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे, आणि गरज संपताच नळी काढणे. यांपैकी एकही गोष्ट नवी नव्हती. नवे होते ते एवढेच, की डॉक्टरने एखादी पायरी गाळली, तर परिचारिकेस काम थांबविण्याचा अधिकार दिला गेला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशा नळ्यांमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचे मध्यमान नळीच्या दर हजार दिवसांमागे २.७ होते, ते तीन महिन्यांत शून्यावर आले.

बँकेत रोखपालाने केलेली नोंद दुसरा अधिकारी तपासतो. त्यात रोखपालाचा अपमान नसतो, ग्राहकाची सुरक्षितता असते. रुग्णालयातही हेच तत्त्व लागू व्हावे. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण देण्याची वाट उघडली, तेव्हा तो व्यवसाय हलका मानला जात असे. आज त्याविना एकही रुग्णालय चालत नाही. परंतु ‘डॉक्टरसाहेब, हा चिमटा खाली पडला होता’ असे म्हणण्याचे धैर्य परिचारिकेस मिळेल असे वातावरण सर्वत्र निर्माण झालेले नाही.

विश्वस्तांनी पाहावयाची वही

रुग्णालये उभारण्यात जैन समाजाचा वाटा मोठा आहे. अहिल्यानगरचे आनंदऋषिजी हॉस्पिटल हे त्याचे या भागातील सर्वपरिचित उदाहरण. अनेक कुटुंबांतील ज्येष्ठ मंडळी कोठे ना कोठे विश्वस्त, देणगीदार वा समिती सदस्य असतात. वैद्यकीय ज्ञान नसल्याने उपचारांच्या गुणवत्तेबद्दल आपण काय बोलणार, असा संकोच त्यांना वाटतो. तो अनाठायी आहे. निर्जंतुकतेचा बराचसा हिशेब खरेदीच्या वहीतच सापडतो.

हात चोळण्याच्या द्रावणाचे उदाहरण घेऊ. दर हजार रुग्णदिवसांमागे किमान २० लिटर द्रावण वापरले जावे, असा निकष जागतिक आरोग्य संघटना वापरते. एखाद्या रुग्णालयात सरासरी २० पलंग भरलेले असतील, तर महिन्याचे ६०० रुग्णदिवस होतात. त्या हिशेबाने महिन्यास १२ लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्या लागतात. वहीत पाचच बाटल्यांची खरेदी दिसत असेल, तर हात धुतले जातात की नाहीत, हे वॉर्डात न जाताही समजते. हा निकषही कडक नाही. एका रुग्णामागे दिवसाला २० मिलिलिटर, म्हणजे तीन मिलिलिटरच्या हिशेबाने सहा-सात वेळाच हात चोळणे होय.

सिरिंजचाही हिशेब असाच. वीस रुग्णांना दिवसाला दोन इंजेक्शने धरली, तर महिन्यास १,२०० सिरिंज हव्यात. खरेदी सातशेची असेल, तर उरलेली पाचशे इंजेक्शने कशाने दिली, हा प्रश्न कोणताही व्यापारी विचारू शकतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार पिवळा, लाल, पांढरा व निळा असे वर्गीकरण करून कचरा द्यावा लागतो आणि त्याची नोंद ठेवावी लागते. सिरिंजची आवक आणि कचऱ्यातील जावक यांचा ताळा जुळतो का, हेही पाहता येते. ऑटोक्लेव्हच्या प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, तापमान व सही असलेली वही आहे का, जीवाणूबीजांची चाचणी शेवटची कधी झाली, हे प्रश्न विचारण्यासही वैद्यकीय पदवी लागत नाही.

खरेदी करताना केवळ सर्वांत कमी दर पाहण्याचा मोह टाळावा. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये विषारी डायइथिलीन ग्लायकॉल निघाले आणि १४ रुग्णांचे प्राण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणी खरेदी व तपासणीच्या साऱ्या व्यवस्थेवर कठोर ताशेरे ओढले. रुग्णालयातील खरेदी ही इतर मालाच्या खरेदीसारखी नसते.

देणगीबाबतही विचार व्हावा. वास्तू, दालन, यंत्र यांस देणगीदार मिळतात. त्यांवर नावाची पाटी लागते. पलंगाशेजारच्या द्रावणाच्या बाटलीवर पाटी लावता येत नाही. रात्रपाळीच्या एका जादा परिचारिकेचा पगार, वर्षभराचे हातमोजे, पायाने चालणारी चार बेसिने, परिचारिकांचे दरवर्षीचे प्रशिक्षण यांस पुण्यतिथीनिमित्त देणगी दिली, तर ती कोणास दिसणार नाही. पण तिच्यामुळे वाचलेला रुग्ण घरी जाईल.

नातेवाइकांचा वाटा

कुटुंबीयांकडूनही चुका होतात. सुखसाता विचारण्यास एकाच वेळी दहा माणसे येतात, रुग्णाच्या पलंगावर बसतात, लहान मुलांना आणतात, पट्टी उचलून जखम पाहतात. ही माया असते, पण तिच्याबरोबर जंतूही येतात. भेटीस येणारे दोघांहून अधिक नसावेत, आल्यावर व जाताना हात स्वच्छ करावेत, सर्दी-खोकला असणाऱ्याने फोनवरच विचारपूस करावी. पलंगावर बसू नये. सलाईन संपले म्हणून नळी स्वतः काढू नये.

नातेवाइकांनी नम्रतेने, परंतु स्पष्टपणे विचारावे. ‘सिस्टर, आपण हात धुतलेत ना?’, ‘ही सिरिंज नवी आहे ना, आमच्यासमोर फोडाल का?’, ‘ही सुई आज काढता येईल का?’ असे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. सोने घेताना वजन काट्यावर पाहणे हा सराफाचा अपमान मानला जात नाही. घरी परतल्यावर ताप, जखमेभोवती वाढती लाली, दुर्गंधी, पू किंवा अचानक वाढलेल्या वेदना दिसल्यास उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अर्धवट घेतलेली प्रतिजैविके जंतूंना अधिक चिवट बनवितात.

जैन आचारात आदान-निक्षेपण समिती सांगितली आहे. वस्तू उचलताना व ठेवताना जागरूक राहावे, असा तिचा अर्थ आहे. त्याज्य वस्तू कोठे व कशी टाकावी, यासाठीही स्वतंत्र समिती आहे. त्या नियमांचा हेतू वेगळा आहे. परंतु वस्तू उचलण्या-ठेवण्याकडे सतत लक्ष ठेवण्याची जी सवय त्यातून लागते, तीच सवय रुग्णाच्या पलंगाशेजारी हवी असते. ती समाजास परकी नाही.

मुलकोवालमध्ये पडलेला चिमटा बाजूला ठेवून दुसरा घेण्यास फारतर एक मिनिट लागले असते. त्या एका मिनिटाअभावी १९ माणसे गेली आणि एका निष्ठावान शास्त्रज्ञाची पाच वर्षे अपकीर्तीत गेली. शिरूर-दौंडच्या प्रत्येक दवाखान्यात आजही रोज एखादा चिमटा, एखादी सुई, एखादी पट्टी खाली पडत असेल. ती पाहून ‘दुसरी घ्या’ असे म्हणणारी परिचारिका तेथे असावी, दुसरी वस्तू हाताशी असावी, आणि तसे म्हटल्याबद्दल तिला कोणी रागावू नये. त्यासाठी लागणारा खर्च व लक्ष देणे विश्वस्तांच्या आणि देणगीदारांच्या हाती आहे. पुढच्या वेळी घरातील कोणास रुग्णालयात दाखल करताना शल्यविशारदांच्या नावाबरोबर वॉर्डातील परिचारिकांची संख्याही विचारावी, आणि विश्वस्त मंडळाच्या पुढच्या सभेत इमारतीच्या नकाशाबरोबर ऑटोक्लेव्हची वहीही मागवावी.